रॅम बदलल्यावर फायली बिघडतात: दोष नेमका कुठे शोधायचा

फोटोचा वरचा अर्धा भाग लख्ख होता. लेकीचा चेहरा, मागची खिडकी, पडद्याची किनार, सगळं जागच्या जागी. तिच्या हनुवटीखाली मात्र एका आडव्या ओळीपासून रंग गुलाबी-हिरवे झालेले, चित्र उजवीकडे सरकलेलं आणि तळाची पट्टी नुसती करडी. आठवड्यापूर्वी हाच फोटो मी धड पाहिला होता. मधल्या काळात कॉम्प्युटरमध्ये एकच बदल झाला होता: आठ जीबीच्या रॅमला जोडी म्हणून आणखी आठ जीबीची पट्टी लावली होती.

माझा पहिला संशय हार्ड डिस्कवर गेला. चेकडिस्क हा डिस्कच्या नोंदी तपासून सुधारणारा विंडोजमधला प्रोग्राम चालवला, त्याने काही चुका दुरुस्त केल्याचं सांगितलं आणि चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी एक झिप फाइल उघडेना. पुन्हा चेकडिस्क, पुन्हा चार दिवस शांतता, मग हिशोबाची शीट उघडताना ‘फाइल खराब आहे’ असा संदेश. तिसऱ्या फेरीनंतर मी नवी एसएसडी घेण्याच्या विचारात होतो. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो सगळा प्रकार होता. डिस्क ठणठणीत होती. नवी रॅम सदोष होती, आणि सदोष रॅम आत असताना चालवलेल्या दुरुस्तीने नुकसान वाढतच गेलं होतं.

हीच तक्रार अनेक जण घेऊन येतात, पण प्रश्न वेगळा विचारतात: ‘मेमरी बदलली तर माझ्या फायली जातील का?’ आपल्याकडे मेमरी हा शब्द दोन्ही गोष्टींना वापरला जातो. फोनमध्ये जागा उरली नाही की आपण ‘मेमरी फुल झाली’ म्हणतो, आणि कॉम्प्युटर हँग होऊ लागला की ‘मेमरी वाढव’ म्हणतो. पहिल्या वाक्यातली मेमरी म्हणजे साठवण, म्हणजे हार्ड डिस्क, एसएसडी किंवा कार्ड. दुसऱ्या वाक्यातली मेमरी म्हणजे रॅम, कॉम्प्युटर चालू असताना तात्पुरती लागणारी कामाची जागा. साठवण बदलली तर तिच्यावरच्या फायली तिच्याबरोबर जातात. रॅम काढली किंवा लावली तर डिस्कवरच्या एकाही फाइलला हात लागत नाही.

कारण रॅममध्ये तुमची फाइल राहतच नाही. रॅमच्या चिपमध्ये प्रत्येक बिटसाठी, म्हणजे प्रत्येक ० किंवा १ साठी, विजेचा भार साठवणारा एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी स्विचसारखा एक ट्रान्झिस्टर असतो. आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये ही रचना शोधली आणि १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. आजच्या रॅमचा पायाही तोच आहे. कपॅसिटरमधला भार आपोआप झिरपून जातो, म्हणून तो सतत भरत राहावा लागतो. डीडीआर४ पर्यंतच्या रॅममध्ये (डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या) हे काम साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत एकदा होतं. वीज गेली की भरणं थांबतं आणि सगळं पुसलं जातं. डिस्कवर तसं नाही. हार्ड डिस्क चुंबकीय खुणा ठेवते, एसएसडी भार कोंडून ठेवते, आणि दोन्ही विजेशिवाय टिकतात.

मग फोटो बिघडला कसा? डिस्कवर जाणारी आणि डिस्कवरून येणारी प्रत्येक गोष्ट रॅममधूनच जाते. फोटो कॉपी करताना त्याचे बाइट आधी रॅममध्ये येतात आणि तिथून नव्या जागी लिहिले जातात. वाटेत रॅमने एक बिट उलटा केला, तर डिस्क तो चुकीचा बिटच इमानेइतबारे लिहून ठेवते. तिच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. म्हणून डिस्कची तब्येत तपासणारे प्रोग्राम अशा वेळी हिरवी खूण दाखवतात आणि आपण आणखी गोंधळतो.

एक बिट म्हणजे किती, ते हिशोबाच्या शीटवरून सांगतो. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ५ हा अंक ००११०१०१ असा लिहिला जातो आणि ७ हा अंक ००११०१११ असा. फरक एका बिटचा. तो उलटला की ५०० चे ७०० होतात आणि फाइल कसलीही तक्रार न करता उघडते. फोटोत तोच एक बिट उलटला की जेपीईजी उलगडताना त्या जागेपासून पुढचा हिशोब चुकतो, म्हणून वरचा भाग नीट आणि खालचा विस्कटलेला. झिपमध्ये तपासणीचा आकडा सोबत असतो, म्हणून ती निदान चूक पकडून उघडायला नकार देते. मला खरी भीती पहिल्या प्रकाराची वाटते. बिघडलेला फोटो डोळ्यांना दिसतो, चुकलेला आकडा दिसत नाही.

आठ जीबीच्या रॅममध्ये सुमारे ६,८७२ कोटी बिट असतात. त्यांतला एक जरी अधूनमधून दगा देत असला तरी विंडोज सुरू होते, ब्राउझर चालतो, गाणी वाजतात. त्या बिटवर कधी चित्राचा तुकडा येतो, कधी रिकामी जागा, कधी फाइल सिस्टीमची, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची, नोंद. म्हणूनच हा त्रास रोज होत नाही, मधूनच होतो, आणि मधूनच होणारा त्रास शोधायला सर्वांत अवघड.

आता निवारणाकडे. सुरुवातीला दोन तक्रारी वेगळ्या करा. फायली दिसतच नाहीत, ही एक तक्रार. फायली दिसतात पण बिघडलेल्या आहेत, ही दुसरी. दोघींची कारणं अगदी निराळी आहेत.

फायली दिसत नसतील तर

घाबरू नका. बहुतेक वेळा त्या जिथल्या तिथे असतात. डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये रॅम लावताना हात आत जातो आणि डिस्कची साटा केबल किंवा वीजपुरवठ्याची केबल सैल होते. ‘डी ड्राइव्ह गेला’ असं वाटलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन ती डिस्क यादीत आहे का ते पाहा. नसेल तर कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, केबलची दोन्ही टोकं पक्की बसवा.

काही जण रॅम लावताना बायोस रीसेट करतात किंवा मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल काढतात. त्याने घड्याळ मागे जातं, बूटचा क्रम बदलतो आणि डिस्कशी बोलण्याची पद्धत (बायोसमध्ये ती ‘रेड’ किंवा ‘एएचसीआय’ अशी लिहिलेली असते) एकीवरून दुसरीवर जाऊ शकते. मग विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत थांबते. ही पद्धत पूर्ववत केली की सगळं परत येतं. या टप्प्यावर कोणी ‘फॉरमॅट मारू या’ म्हणालं तर त्याला कृपया थांबवा. चांगल्या डिस्कवरचा डेटा असल्या घाईतच जातो.

डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, असेल तर बायोसमधल्या बदलानंतर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. की हाताशी नसेल तर डेटा डिस्कवर असूनही तुमच्या हाती लागणार नाही. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी की लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा. ही एक गोष्ट विसरू नका, बाकी बऱ्याच चुका सुधारता येतात.

विंडोज सुरू झाली पण डेस्कटॉप कोरा, वॉलपेपर नवं, डॉक्युमेंट्स रिकामं, असं दिसलं तर तुम्ही बहुधा तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमचं खातं उघडलं नाही म्हणून विंडोजने दिलेल्या कोऱ्या खात्यात, शिरला आहात. सी ड्राइव्हमधल्या युजर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर उघडून बघा, फायली तिथेच असतील. या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये नवं काही साठवू नका, लॉगआउट केल्यावर ते पुसलं जातं. मूळ प्रोफाइल का उघडलं नाही याचं एक कारण पुन्हा सदोष रॅम असू शकतं, ते खाली येईलच.

सी ड्राइव्हमधली जागा अचानक कमी झाली असेल तर कोणी काही खाल्लेलं नाही. विंडोज १० आणि ११ हायबरनेशनसाठी, म्हणजे उघडं काम डिस्कवर उतरवून बंद होण्यासाठी, साधारणपणे रॅमच्या ४० टक्के आकाराची एक लपलेली फाइल राखून ठेवतात. रॅम ८ जीबीची १६ झाली की ही फाइल सुमारे ३.२ जीबीवरून ६.४ जीबी होते. रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी पेजफाइलही वाढू शकते.

आणि एक खरा अपवाद. इंटेलने २०१७ मध्ये ऑप्टेन मेमरी नावाचं छोटं मॉड्यूल आणलं. १६ किंवा ३२ जीबीचं. काही लॅपटॉपच्या माहितीत ते रॅमच्या शेजारीच लिहिलेलं असे, त्यामुळे अनेकांना ती रॅमच वाटते. प्रत्यक्षात ते हार्ड डिस्कपुढचं कॅशे, म्हणजे नेहमी लागणारी माहिती ठेवणारी जलद जागा, असतं आणि डिस्कवर अजून न पोहोचलेला मजकूर त्यात असू शकतो. ते सॉफ्टवेअरमधून आधी बंद न करता उपटून काढलं तर विंडोज सुरू न होणं आणि डेटा अडकणं, दोन्ही होऊ शकतं. चुकून काढलं असेल तर तेच मॉड्यूल त्याच जागी परत बसवा, मग ऑप्टेन रीतसर बंद करा आणि नंतरच काढा.

रॅमला हात लावण्याआधी

स्लीप म्हणजे बंद नव्हे. स्लीपमध्ये रॅमला वीज चालूच असते, कारण तुमचं उघडं काम तिथेच ठेवलेलं असतं. त्या अवस्थेत पट्टी उपसली तर न साठवलेलं काम जातंच, शिवाय पट्टीला आणि बोर्डालाही धोका.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच रॅममध्ये उतरवली जाते. मधल्या काळात रॅमच बदलली तर ही स्थिती जुळत नाही. मग विंडोज ती टाकून देते किंवा सुरू होताना अडखळते. उपाय सोपा आहे: शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’वर क्लिक करा, म्हणजे कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने बंद होतो. मग प्लग काढा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर काढा, आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. धातूच्या कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

पट्टी बसवताना खाच जुळली नाही तर जोर लावू नका. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा मुद्दाम वेगवेगळ्या जागी आहेत. डेस्कटॉपमध्ये क्लिप ‘टक्’ असा आवाज करून बसते तोवर दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. अर्धवट बसलेली पट्टी हे बिघडलेल्या फायलींचं अगदी साधं आणि नेहमी दुर्लक्षित राहणारं कारण आहे. डीडीआर५ लावल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड त्या वेळात रॅमशी जुळवून घेत असतो, तेव्हा वीज तोडू नका.

फायली बिघडत असतील तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि मी नेमका तोच चुकलो होतो.

आधी थांबा. बिघडलेली दिसणारी फाइल सेव्ह करू नका. शक्यता अशी असते की डिस्कवरची प्रत शुद्ध आहे आणि फक्त रॅममध्ये आलेली प्रत बिघडली आहे. फाइल न साठवता बंद करा, कॉम्प्युटर पूर्ण बंद करून सुरू करा आणि पुन्हा उघडा. आता ती नीट उघडली, तर डिस्क निर्दोष आहे आणि संशयाची सुई रॅमकडे वळते. सेव्ह केली असती तर तुम्ही स्वतःच्या हाताने खराब प्रत चांगल्या प्रतीवर लिहिली असती.

चेकडिस्क लगेच चालवू नका. ते फाइल सिस्टीमच्या नोंदी रॅममध्ये आणतं, तिथे तपासतं आणि सुधारून परत लिहितं. रॅम खोटं बोलत असेल तर त्याला चांगली नोंदही वाईट दिसते, आणि ते ती ‘दुरुस्त’ करतं. माझे दोन फोल्डर असेच गेले. आपोआप होणारा बॅकअप आणि सिंकही थांबवा, नाहीतर बिघडलेल्या प्रती तुमच्या चांगल्या जुन्या प्रतींवर जाऊन बसतील.

मग रॅम तपासा. विंडोजमधलं मेमरी डायग्नॉस्टिक सुरुवातीला ठीक आहे. ते चालू असताना एफ१ दाबून विस्तृत चाचणी निवडा, साधी चाचणी बरंच काही सोडून देते. माझ्या बाबतीत साध्या चाचणीने ‘दोष नाही’ असंच सांगितलं होतं. मेमटेस्ट ८६ किंवा मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून बूट करणं जास्त खात्रीचं. त्यासाठी सिक्युअर बूट (फक्त मान्य प्रोग्रामलाच बूट होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद करावं लागलं तर वर सांगितलेली बिटलॉकरची काळजी पुन्हा घ्या. किमान चार फेऱ्या होऊ द्या, रात्रभर चालू ठेवलं तर उत्तम. माझ्या पडद्यावर पहिली फेरी स्वच्छ गेली. दुसऱ्या फेरीत लाल ओळ आली, आणि त्यानंतर प्रत्येक ओळीत पत्ता तोच. चालणारी मर्यादा शून्य आहे. एक चूकही सोडून द्यायची नसते.

चूक दिसली की पट्टी फेकून देण्याची घाई नको. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू असेल तर ते बंद करून पुन्हा चाचणी घ्या. ही सोय रॅमला तिच्या प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने पळवते, आणि तुमच्या बोर्डाला ते झेपत नसेल तर चांगली पट्टीही चुका करते. दोन वेगवेगळ्या जातीच्या पट्ट्या एकत्र लावल्या असतील तेव्हा तर हे हमखास तपासा.

तरीही चुका येत असतील तर एकेक पट्टी वेगळी करा. एकच पट्टी, एकच स्लॉट, पूर्ण चाचणी. मग दुसरी पट्टी, त्याच स्लॉटमध्ये. एकच पट्टी चुकली तर दोष तिचा. दोन्ही चुकल्या तर पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. तिथे नीट चालली तर दोष पहिल्या स्लॉटचा, कधी कधी नुसत्या धुळीचा. हवा मारून स्लॉट साफ करा, पट्टीचे दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा. सगळीकडे सगळ्याच चुकत असतील तर प्रोसेसर, बोर्ड किंवा वीजपुरवठा तपासायला हवा. हे काम वेळखाऊ आहे, पण याला आडवाट नाही.

इथे कोणी म्हणेल, नवी रॅम कशी खराब असेल? असते. २००९ मध्ये टोरांटो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत किमान एकदा तरी दुरुस्त होण्याजोगी चूक सापडली. ते सर्व्हर ईसीसी रॅमवर चालत होते, म्हणजे एका बिटची चूक तिथल्या तिथे पकडून सुधारली जात होती. आपल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये सहसा ती सोय नसते, म्हणून चूक झाली हे आपल्याला कळतही नाही. डीडीआर५ मध्ये चिपच्या पोटात दुरुस्तीची सोय आहे खरी, पण ती चिपपुरतीच. पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही.

सदोष पट्टी काढल्यानंतर

उरलेल्या रॅमची चाचणी स्वच्छ आली की मगच डिस्ककडे वळा. आता चेकडिस्क चालवायला हरकत नाही. विंडोजच्या स्वतःच्या फायलींसाठी सिस्टीम फाइल चेकर चालवा. त्यालाही जमलं नाही तर विंडोज नव्याने टाका, पण तुमच्या फायली दुसरीकडे कॉपी केल्यानंतरच.

मग तुमच्या फायली. रॅम लावली ती तारीख शोधून काढा. ती तारीख आणि पट्टी काढल्याची तारीख, यांच्या मधल्या काळात ज्या फायलींना हात लागला त्या संशयित. एक्सप्लोररमध्ये फक्त ‘डेट मॉडिफाइड’ पाहू नका. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की बदलाची तारीख जुनीच राहते आणि ‘डेट क्रिएटेड’ नवी येते. म्हणजे कॉपी करताना बिघडलेला फोटो बदलाच्या तारखेवरून चार वर्षांपूर्वीचा, अगदी निर्दोष वाटतो. ‘डेट क्रिएटेड’चा रकाना चालू करून त्यावर क्रम लावा. माझे सगळे बिघडलेले फोटो त्या रकान्यात एकाखाली एक सापडले.

संशयित प्रत आणि जुन्या बॅकअपमधली प्रत सारखी आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून शा-२५६ (फाइलच्या मजकुरातून निघणारा, ठशासारखा आकडा) काढा, दोन्ही प्रतींचे आकडे जुळले तर फाइल तीच. बिघाड चालू असतानाच्या काळात हीच युक्ती रॅम पकडायलाही कामी येते: एकाच फाइलचा शा-२५६ दोनदा काढला आणि दोनदा वेगळा आला, तर वाचताना कुठेतरी चूक होते आहे. फाइल रॅमच्या आकारापेक्षा मोठी घ्या. लहान फाइल दुसऱ्यांदा डिस्कवरून वाचलीच जात नाही, विंडोज ती रॅममधल्या प्रतीवरूनच देते आणि तोच चुकीचा आकडा पुन्हा मिळतो.

बॅकअपमध्ये जुन्या आवृत्त्या राहत असतील तर रॅम लावण्याच्या तारखेआधीची आवृत्ती परत आणा, शेवटची नव्हे. आकड्यांच्या शीट मात्र हाताने तपासाव्या लागतात. मी बेरजा मूळ पावत्यांशी ताडून पाहिल्या आणि दोन जागी आकडा बदललेला सापडला. फोटोंच्या बाबतीत नशीब चांगलं होतं. कॅमेऱ्याचं कार्ड मी पुसलं नव्हतं. कार्डवरचा मूळ फोटो चांगल्या रॅमवर कॉपी केला, दोन्हीकडचा शा-२५६ जुळवून पाहिला आणि मगच गुलाबी-हिरवी प्रत काढून टाकली.